राजे देव नेमतो, मग काळा दिवस पाळायचा का?

प्रश्न विचारणारा खानापूर तालुक्यातला तरुण विश्वासी भाऊ आहे. बेळगावात उद्यमबागेत एका वर्कशॉपमध्ये कामाला जातो, लग्न झालंय, मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीला बसेल. त्याचे आजोबा दर १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या राज्योत्सवाच्या दिवशी, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून दंडाला काळी फीत बांधून काळ्या दिवसाच्या फेरीत चालायचे. "सीमेच्या दाव्याचा निकाल ऐकूनच डोळे मिटणार," म्हणायचे. निकाल न ऐकताच गेले. तो लिहितो: "रविवारी मंडळीत आपण मुख्यमंत्र्यांसाठी प्रार्थना करतो. रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय सांगतो की अधिकारी देवाने नेमलेले असतात. मग त्यांच्याविरुद्ध फेरीत चालणं म्हणजे देवाच्या नेमणुकीला विरोध होतो का? आजोबा म्हणायचे, कन्नड शिकू नकोस. मुलीच्या शाळेचं काय करू? आणि देवाची वेळ, देवाची वेळ म्हणत आजोबा गेले, ती वेळ येणार आहे की नाही?"

प्रभूत सलाम, भाऊ.

शेवटचा प्रश्न सगळ्यात जास्त दुखणारा आहे. तरी सुरुवात मी दुसरीकडून करतो, कारण एक गोष्ट आधी सांगितली नाही तर पुढचं सगळं बोलणं पोकळ होईल. बेळगाव, खानापूर, निपाणी महाराष्ट्रात जाईल असं वचन देवाने कुठेही दिलेलं नाही. कर्नाटकातच राहील असंही दिलेलं नाही. सीमाभागात इतकी वर्षं पाळकपण करताना दोन्ही बाजूंच्या भल्या माणसांना मी शास्त्रातल्या देशाच्या वचनांवर बोट ठेवून आपापला नकाशा दाखवताना पाहिलंय. त्या वचनांचा या नकाशाशी संबंध नाही. इथे राहणाऱ्या माणसांना न्यायाने वागवलं जावं, त्यांची भाषा तुडवली जाऊ नये, याबद्दल मात्र शास्त्र भरपूर बोलतं. तुमची मागणी न्यायाची असेल तर ती न्यायाची मागणी म्हणून मांडा. तिच्यावर देवाच्या वचनाचा शिक्का मारू नका.

हा प्रश्न किती जुना आहे ते तुमच्या आजोबांना तोंडपाठ असणार. जानेवारी १९५६ मध्ये केंद्राचा राज्यांच्या फेररचनेचा निर्णय जाहीर झाला आणि १७ तारखेला बेळगावात गोळीबार होऊन माणसं गेली. तो दिवस आपण हुतात्मा दिन म्हणून पाळतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला हा भाग म्हैसूर राज्यात गेला. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. त्याने निपाणी, खानापूर, नंदगड हा भाग महाराष्ट्राला द्यावा आणि बेळगाव शहर म्हैसुरातच ठेवावं असं सांगितलं. महाराष्ट्राला ते मान्य झालं नाही. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा, ही महाराष्ट्राची चार सूत्रं गावागावातल्या पोरांनासुद्धा पाठ असायची. २००४ मध्ये महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात गेला. एवढ्या काळात म्हैसूरचं कर्नाटक झालं, बेळगावचं बेळगावी झालं, आणि इथे कर्नाटकाच्या विधिमंडळाची इमारत, सुवर्ण विधानसौध, उभी राहिली.

प्रत्येक निवडणुकीला आणि सुनावणीच्या प्रत्येक तारखेला कोणीतरी सांगतं की या वेळेस नक्की. पुढाऱ्यांनी सांगितलं तर समजू शकतो. पण अलीकडे प्रार्थनासभांतही सांगितलं जातं, मोबाइलवर तर रोज, की देवाने मला वर्ष दाखवलंय, अमुक सरकार पडणार, तमुक माणूस खुर्चीवर येणार. हे ऐकलं की मला यिर्मयाचा अठ्ठाविसावा अध्याय आठवतो. तो तुम्ही सावकाश वाचावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतले राजघराण्यातले लोक, कारागीर आणि मंदिरातली पात्रं उचलून नेली होती. मागे राहिलेल्यांत राग होता, लाज होती, आणि घाई होती. अशा वेळी हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांच्या आणि सगळ्या लोकांच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडणार, पात्रं परत येणार, राजा परत येणार. बरोब्बर दोन वर्षं. यिर्मया तिथेच होता, स्वतःच्या मानेवर लाकडी जू घेऊन. देवाने त्याला ते घालायला सांगितलं होतं, म्हणजे लोकांना कळावं की बाबेलची सत्ता इतक्यात जाणार नाही.

यिर्मयाने काय उत्तर दिलं बघा. तो आधी "आमेन" म्हणाला. परमेश्वर तसंच करो, तुझा शब्द खरा ठरो, असं म्हणाला. त्यालाही तेच हवं होतं हो! आपली माणसं परत यावीत असं त्याला वाटत नव्हतं काय? पण आपल्या मनात आहे म्हणून देव बोललाच असं होत नाही, हे त्याला कळत होतं. शांतीचा संदेश देणारा खरा की खोटा हे त्याचा शब्द घडेल तेव्हा कळेल, एवढंच त्याने पुढे जोडलं. हनन्याने यिर्मयाच्या मानेवरचं जू ओढलं आणि सगळ्यांदेखत मोडून टाकलं. त्या क्षणी तिथली गर्दी कोणाच्या बाजूने असेल ते सांगायला नको. यिर्मया काही न बोलता निघून गेला. नंतर देवाचा संदेश आला की लाकडाचं जू मोडलंस, त्याच्या जागी लोखंडाचं आलं. त्याच वर्षी हनन्या वारला.

पुढच्याच अध्यायात यिर्मयाचं बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे. त्यातलं अकरावं वचन तुमच्याही घरी कॅलेंडरवर असेल, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, ते. लग्नाच्या पत्रिकेवर येतं, बारशाला येतं, पोरांना दहावीच्या परीक्षेला लिहून देतात. त्याच्या वरचं दहावं वचन कोणी छापत नाही. दहावं वचन म्हणतं, सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकत बसलेल्या बहुतेक मोठ्या माणसांना परत जाणं दिसणार नव्हतं. हिताचे संकल्प त्यांच्यासाठीही होते, पण त्यांच्या आयुष्यात बसतील अशा वेळापत्रकाने येणार नव्हते. आणि चौथ्या वचनापासून देव त्यांना मधल्या काळात काय करायचं ते सांगतो: घरं बांधा, मळे लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला आणलंय त्याच्या शांतीसाठी झटा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ते नगर म्हणजे शत्रूची राजधानी होती.

देवाच्या वेळेवर विश्वास ठेवणं म्हणजे काय, याचं मला सापडलेलं सगळ्यात ठोस उत्तर हेच आहे. तारीख माहीत असणं त्यात येत नाही. हात बांधून बसणंही येत नाही. आज जिथे आहोत तिथे पूर्ण जगणं, घर बांधणं, शेत करणं, शेजाऱ्याचं भलं बघणं, हे त्यात येतं.

आता रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय. तो तुम्हाला अडवतोय, कारण तो बहुतेक वेळा अर्धाच शिकवला जातो. देवाने नेमलं म्हणजे देवाने त्या माणसाच्या प्रत्येक आदेशावर सही केली, असा अर्थ काढला जातो. पौल हे लिहीत होता तेव्हा रोममध्ये नीरोची सत्ता होती. पौल त्या सत्तेला देवाचा सेवक म्हणतो, आणि सेवकाला मालक जाब विचारतो. देवाची सत्ता राजाच्या वर आहे हे मान्य केलं की राजाची हद्द आपोआप आखली जाते.

योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात रोमन सुभेदार पिलात येशूला म्हणतो, तुला सोडायचा आणि वधस्तंभावर खिळायचा अधिकार मला आहे, ठाऊक नाही काय तुला? येशू सांगतो की वरून दिला नसता तर तुझा माझ्यावर काही अधिकार चालला नसता. इथपर्यंत आपण वाचतो आणि थांबतो. पण ते वचन तिथे संपत नाही. त्याच दमात येशू पापाबद्दल बोलतो, ज्याने मला तुझ्या हाती दिलं त्याचं पाप अधिक आहे म्हणतो. अधिक म्हणजे पिलाताचंही आहेच. अधिकार वरून मिळाला म्हणून तो वापरणारा दोषातून सुटत नाही, उलट त्याचा हिशेब कडक होतो. होशेयाच्या आठव्या अध्यायात तर देव म्हणतो की यांनी राजे केले ते मला न विचारता.

आणि तेरावा अध्याय लिहिणारा पौल स्वतः कसा वागला? फिलिप्पैत त्याला चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडायचा निरोप धाडला, तेव्हा तो म्हणाला की आम्ही रोमन आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. ते आले आणि विनवण्या करू लागले. पुढे रोमन सुभेदार फेस्ताच्या न्यायासनासमोर त्याने थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे, दाद मागितली. म्हणजे कोर्टात जाणं, अर्ज देणं, कायद्याने मिळालेला हक्क मोठ्याने मागणं यात अविश्वास नाही. दाव्याची तारीख विचारणारा माणूस देवावर कमी विश्वास ठेवतो असं जर कोणी सांगत असेल, तर त्याने प्रेषितांची कृत्ये पुन्हा वाचावीत. याच तेराव्या अध्यायाचा आधार घेऊन १९३० च्या दशकात जर्मनीतल्या कितीतरी चर्चपुढाऱ्यांनी हिटलरच्या मागे उभं राहायला सांगितलं. त्याला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती लोकांना मे १९३४ मध्ये बार्मेन इथे जमून जाहीर करावं लागलं की आम्हाला प्रभू एकच आहे.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई घ्या. देवाच्या हाती सगळं सोपवून जगणारी अशी दुसरी बाई मराठी ख्रिस्ती समाजात दाखवता येणार नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत बायकांची जी आबाळ होत होती, तिच्यावर तिने वर्तमानपत्रात उघड लिहिलं. सरकार इंग्रजांचं, म्हणजे नावाने ख्रिस्ती. तिच्या कामाला मदत करणारे लोकही विलायत-अमेरिकेतले. तरी ती बोलली.

पण तुमच्या मनातला खरा पेच वेगळा असावा असं मला वाटतं. राज्यकर्ते देवाच्या हातात आहेत तर ते असे का वागतात, आणि देव काही करताना का दिसत नाही? याला नीतिसूत्रांच्या एकविसाव्या अध्यायातलं पहिलं वचन वाचायला हवं. राजाचं मन परमेश्वराच्या हातात पाण्याच्या पाटासारखं आहे, त्याला वाटेल तिकडे तो ते वळवतो. तुम्ही खानापूरचे, उसाला पाणी पाजणं तुम्हाला सांगायला नको. रात्री थ्री-फेज लाइट येते, माणूस बॅटरी आणि खोरं घेऊन बांधावर जातो आणि दारं धरतो. एका सरीचं तोंड मातीने बुजवतो, दुसरीचं फोडतो. पाणी आपल्या जोरानेच धावतं, उताराकडे धावणं हा त्याचा स्वभाव. आपण कोणाच्या शेतात चाललोय हे त्याला माहीत नसतं. दारं धरणारा त्याच्याशी भांडत नाही, त्याला उलटं चढवत नाही. त्याच्याच धावण्याने त्याला हव्या त्या सरीत नेतो. आणि शेवटच्या सरीवर उभा असलेल्या माणसाला पहाटेपर्यंत वाटत राहतं की इकडे पाणी येणारच नाही.

पर्शियाच्या कोरेश राजाचं असंच झालं. यशयाच्या चव्वेचाळीस-पंचेचाळिसाव्या अध्यायात देव त्याला नावाने हाक मारतो, आपला अभिषिक्त म्हणतो, आणि पुन्हा पुन्हा सांगतो की तू मला ओळखत नव्हतास तरी मी तुला निवडलं. इसवी सन पूर्व ५३९ मध्ये कोरेशाने बाबेल घेतलं. त्याने मातीच्या नळकांड्यावर कोरून ठेवलेला जाहीरनामा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात तो आपल्या विजयाचं श्रेय बाबेलच्या मर्दूक देवाला देतो, निरनिराळ्या देवतांच्या मूर्ती त्यांच्या त्यांच्या ठिकाणी परत पाठवल्याचं सांगतो. यहुद्यांचं, यरुशलेमेचं नावसुद्धा त्यात नाही. त्याचा हिशेब राज्य चालवण्याचा होता, लोक शांत राहावेत म्हणून. त्या हिशेबातूनच देवाने आपल्या लोकांची घरवापसी करवली. कोरेश शेवटपर्यंत समजत राहिला की पाणी त्याचं आहे.

इथेच सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. परत आल्यावर मंदिराचा पाया घातला, लगेच शेजाऱ्यांच्या तक्रारी गेल्या आणि काम बंद पडलं. दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे सुमारे ५२० मध्ये, ते पुन्हा सुरू केलं. तेव्हा त्या प्रांताचा अधिकारी येऊन विचारू लागला की परवानगी कोणाची? नावं सांगा. एज्राचा पाचवा आणि सहावा अध्याय म्हणजे नुसती कचेरी आहे: अर्ज, नकला, कोरेशाने हुकूम दिला होता की नव्हता याची विचारणा. बाबेलच्या दप्तरखान्यात शोध घेतला, आणि कागद सापडला कुठे, तर दूर मेद्यांच्या देशात अखमथा इथल्या राजवाड्यात. त्यात मंदिराची उंची-रुंदीसुद्धा लिहिलेली होती. ज्याने जुना उतारा, जुनं रजिस्टर शोधत तालुका कचेरीच्या पायऱ्या झिजवल्यात, त्याला या दोन अध्यायांत आपलं माणूस भेटेल. आणि एक तपशील विसरू नका. चौकशी चालू असताना त्या लोकांनी काम थांबवलं नाही. देवाची नजर त्यांच्या वडीलधाऱ्यांवर होती म्हणून त्यांना कोणी थांबवू शकलं नाही, असं तिथे लिहिलंय.

वेळेबद्दल अजून एक सांगतो. दावीदाच्या जिवावर उठलेला शौल राजा एन-गेदीच्या गुहेत एकटा दावीदाच्या हाती लागला, तेव्हा दावीदाची माणसं म्हणाली की देवाने सांगितलेला दिवस हाच. म्हणजे 'देवाची वेळ आली' हे वाक्य त्या वेळी खून करायला उद्युक्त करणारी माणसं बोलत होती. दावीदाने फक्त झग्याचा काठ कापला, आणि त्याबद्दलही त्याचं मन त्याला खात राहिलं. संधी मिळाली म्हणजे देवाची वेळ आली असं नसतं. दुसऱ्या राज्याच्या एसटीला काळं फासून, ड्रायव्हर-कंडक्टरला खाली ओढून, दुकानाची पाटी फोडून कोणाचीही वेळ जवळ येत नाही. हे मी मराठी पोरांना सांगतो आणि मंडळीतल्या कन्नड पोरांनाही सांगतो. ज्याच्या तोंडाला काळं फासलं जातं तो पगारावर पोट भरणारा माणूस असतो.

आज्ञा कुठे मोडायची याची रेषाही शास्त्रात आहे, पण ती आपल्याला वाटते त्यापेक्षा अरुंद आहे. मिसरातल्या शिप्रा आणि पुवा या सुइणींनी पोरं मारायला नकार दिला. दानीएलाने तीस दिवस राजाशिवाय कोणाकडे मागणं मागायचं नाही हा हुकूम मानला नाही आणि खिडक्या उघड्या ठेवून नेहमीसारखी दिवसातून तीनदा प्रार्थना केली. प्रेषित सभेसमोर म्हणाले की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक २३ डिसेंबर २०२१ ला, नाताळच्या दोन दिवस आधी, आपल्याच गावातल्या सुवर्ण विधानसौधात विधानसभेने मंजूर केलं आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. त्या वेळी लोक मला विचारत होते, घरच्या प्रार्थनासभा बंद करायच्या का? मी म्हटलं, कोणाला आमिष दाखवू नका, दडपण आणू नका, ते आपल्याला आधीपासूनच मना आहे. आणि प्रार्थना सोडू नका. त्याच आठवड्यात आम्ही मध्यस्थीच्या प्रार्थनेत विधानसभेच्या सदस्यांची नावं घेतली, विधेयकाच्या बाजूने असलेल्यांचीही. २०२३ मध्ये सरकार बदललं, तेव्हा नव्यांची घेतली.

नावं बदलत राहतात, म्हणूनच दानीएल मला फार जवळचा वाटतो. तरुणपणी त्याला उचलून नेलं, खास्द्यांची, म्हणजे बाबेलच्या लोकांची, भाषा आणि विद्या शिकायला लावली, नाव बदललं. तो भाषा शिकला, नोकरी चोख केली, नबुखद्नेस्सराला तोंडावर सांगितलं की गरिबांवर दया कर म्हणजे तुझी शांती टिकेल. पुढच्या बेलशस्सर राजाची एका रात्रीत संपलेली कारकीर्द पाहिली. कोरेशाचं राज्य आलं तेव्हाही तो होताच. आणि म्हातारपणी यिर्मयाचं ते सत्तर वर्षांचं पत्र वाचून तो निर्धास्त बसला नाही, गोणपाट नेसून उपास-प्रार्थनेला लागला. वेळ ठरलेली आहे हे कळल्यावर त्याची प्रार्थना वाढली.

आता मंडळीतलं एक सांगतो. एका वर्षी १ नोव्हेंबर रविवारी आला. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजन, आणि त्या दिवशी आमची मराठी-कन्नड उपासना एकत्र असते. एक निवृत्त मास्तर काळी फीत बांधून आले होते, उपासनेनंतर थेट फेरीला जायचं होतं. गायनवृंदात एका कन्नड नर्सबाईंच्या साडीला लाल-पिवळी फीत टाचलेली, त्यांच्या वॉर्डात सकाळीच राज्योत्सव झाला होता. दोघं कठड्याशी शेजारी शेजारी गुडघे टेकून बसले. मी दोघांना भाकर दिली, प्याला दिला. फीत काढायला कोणालाच सांगितलं नाही. उपासना सुटल्यावर व्हरांड्यात चहा घेताना दोघांची शाळांवरून चांगलीच जुंपली, आणि मास्तरांना फेरीला उशीर झाला. मंडळीच्या वडिलांपैकी एकांना माझं वागणं पटलं नाही. प्रभूच्या मेजाशी कोणतंच निशाण येऊ नये असं त्यांचं म्हणणं, आणि त्यात वजन आहे हे मला मान्य आहे. तरी मी पुन्हा तसंच करीन. निशाण काढून आलेला माणूस मनातला राग घरी ठेवून येतोच असं नाही, आणि तो राग तिथे आणल्याशिवाय त्याचं काही होत नाही.

आजोबांबद्दल. प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं. मग पेत्राला धरलं. मंडळीने प्रार्थना केली, देवदूत आला, साखळ्या गळाल्या, पेत्र घरी आला. त्याच अध्यायाच्या शेवटी तोच हेरोद कैसरियात किडे पडून मेला. पेत्र वाचला आणि याकोब का नाही, याचं उत्तर लूकाने लिहिलेलं नाही. याकोबासाठी मंडळीने कमी प्रार्थना केली असेल असं मानायला आधार नाही. हेरोदाचा शेवट जर देवाच्या हातात होता तर तो महिनाभर आधी का झाला नाही, हा प्रश्न याकोबाच्या आईने विचारला असणारच. मी आजवर कोणत्याही शोकाकुल घरात याचं उत्तर दिलेलं नाही. 'देवाची वेळ होती' असं म्हणून मोकळं होणारे लोक मला आवडत नाहीत.

एवढं मात्र ठामपणे सांगतो. तुमच्या आजोबांनी दोन गोष्टींची वाट पाहिली, कोर्टाच्या निकालाची आणि प्रभूची. आयुष्यभर दोन्ही एकत्र नांदल्या, त्यामुळे तुम्हाला त्या एकच वाटताहेत, आणि पहिली हुकली म्हणून दुसरीही हुकली की काय अशी धास्ती तुम्हाला पडलीय. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने मेलेल्यांची यादी आहे. त्यांना वचनफल मिळालं नव्हतं, त्यांनी ते लांबून पाहून नमस्कार केला होता. ते वचन देवाच्या नगराचं होतं, आणि त्यात तुमचे आजोबा कमी पडलेले नाहीत. सीमेचा निकाल उद्या लागो की तुमच्या नातवंडांच्या काळात, तो आजोबांच्या बाजूने लागो की विरुद्ध, त्यांच्या त्या वाट पाहण्याला त्याने धक्का लागत नाही.

मुलीच्या शाळेचं सांगतो. गावातली मराठी शाळा चालू असेल आणि शिक्षक जागेवर असतील तर तिला तिथेच घाला. आईच्या भाषेत शिकणं तिचा हक्क आहे, आणि पटसंख्या घटली की शाळा बंद पडते. शिक्षक नेमत नसतील तर चार पालक मिळून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पाठपुरावा करा. त्याचबरोबर तिला कन्नड चांगलं येऊ द्या, आणि तुम्हीही शिका. जमिनीचा उतारा कन्नडमध्ये येतो, दवाखान्यातली चिठ्ठी, पोलिसांची नोटीस कन्नडमध्ये येते. दुसऱ्याकडून वाचून घेणारा माणूस फसवला जातो. आजोबांचा शब्द मोडल्याचं मनाला लावून घेऊ नका, त्यांनी तो ज्या रागातून सांगितला तो राग खरा होता.

फेरीत जायचं की नाही हे मी ठरवणार नाही. जाणार असाल तर त्या दिवशी सकाळी घरात बायकोबरोबर बसून कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांसाठी, महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांसाठी, दाव्यातल्या न्यायाधीशांसाठी आणि बंदोबस्ताला उभ्या असलेल्या पोलिसांसाठी प्रार्थना करा, नावं घेऊन, त्यांच्या भल्यासाठी. ती मनापासून करता आली तर फीत बांधा आणि चाला. जीभ अडली, मनात नुसता संताप उसळला, तर त्या वर्षी जाऊ नका, माझ्याकडे या. त्या दिवशी मी घरीच असतो.